कानाला अँटिबायोटिक लागतं, पोटाला सोसत नाही: तुम्ही काय लिहून देता?

तालुका_दवाखाना (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोकणपट्टीत जनरल प्रॅक्टिस आहे. पावसाळ्यात कानाचे पेशंट रोजचेच. कान बरा करणं त्यामानाने सोपं, पण पोट बिघडलं म्हणून औषध अर्ध्यावर सुटतं आणि मग तोच पेशंट दुसऱ्या, तिसऱ्या अँटिबायोटिकवर जातो. दोन केस मांडतो.

केस १: मुलगा, पावणेदोन वर्षांचा, वजन १२ किलो. सर्दीनंतर ताप, रात्रभर रडणं, दोन्ही पडदे लाल आणि बाहेर फुगलेले. अमॉक्सिक्लॅव्ह (पेनिसिलिन गटातलं अमॉक्सिसिलिन, सोबत क्लॅव्ह म्हणजे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड) ४५७ चं सिरप ६.५ मिली दिवसातून दोनदा, १० दिवसांसाठी दिलं. दुसऱ्या दिवसापासून सात-आठ पातळ शी, ढुंगण लालबुंद. चौथ्या दिवशी आईने औषध बंद केलं. तीन महिन्यांपूर्वीही याच औषधावर असंच झालं होतं. अंगावर पुरळ, सूज, धाप काही नाही. आईचं म्हणणं, फाइलवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ लिहा.

केस २: बाई, वय ५८, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, जुनी ॲसिडिटी म्हणून रोज पँटोप्राझोल. उजवा कान दुखतो, कान ओढला की कळ जाते, थोडा स्राव. माझ्याकडे येण्याआधी सेफ्पोडॉक्झिम २०० (अँटिबायोटिक) दिवसातून दोनदा, सोबत दुखणं-सुजेसाठी ॲसिक्लोफिनॅक-सेरॅशिओपेप्टिडेज घेऊन झालंय. कान जसाच्या तसा, वर पोटात आग आणि मळमळ.

विचारायचं हे: क्लॅव्हला पर्याय काय? प्रोबायोटिकचा (पोटाला उपयोगी जिवंत जंतूंचा) खरंच उपयोग होतो का? आणि इंजेक्शन दिलं तर पोट वाचतं का?

---

बालरोग_घाटमाथा

केस १ बद्दल लिहितो, दुसरी केस कान-नाक-घसावाल्यांची.

निदान बरोबर, अँटिबायोटिक देणंही बरोबर. दोन वर्षांच्या आतलं मूल, दोन्ही कान, फुगलेला पडदा. इथे वाट बघत बसू नये. चुकलंय ते गुणोत्तर. हिशोब मांडून बघा.

४५७ च्या सिरपमध्ये ५ मिलीत अमॉक्सिसिलिन ४०० मिग्रॅ आणि क्लॅव्ह ५७ मिग्रॅ असतं. ६.५ मिली दोनदा म्हणजे दिवसाला अमॉक्सिसिलिन १०४० मिग्रॅ. किलोमागे साधारण ८७ होतात, आपल्याला ८० ते ९० हवे असतात, छान. पण त्याच मापात क्लॅव्ह गेलं दिवसाला १४८ मिग्रॅ, म्हणजे किलोमागे १२ च्या वर. पातळ शी होते ती मुख्यतः क्लॅव्हमुळे, आणि दिवसाला किलोमागे १० च्या पुढे गेलं की ती चांगलीच वाढते. अमॉक्सिसिलिनचा डोस वाढवायला गेलो आणि क्लॅव्ह फुकटात वाढलं.

मोठ्या डोससाठी वेगळं सिरप मिळतं: ५ मिलीत ६०० आणि ४२.९. बाटलीवर ६४२.९ असा आकडा असतो. हे ४.५ मिली दोनदा दिलं तर अमॉक्सिसिलिन १०८० मिग्रॅ (किलोमागे ९०) आणि क्लॅव्ह फक्त ७७ मिग्रॅ (किलोमागे ६.४). कानाला तेवढंच औषध, पोटाला निम्मं क्लॅव्ह.

त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे क्लॅव्ह लागत होतं का? क्लॅव्ह अडवतं ते बीटा-लॅक्टमेज, म्हणजे अमॉक्सिसिलिन तोडणारं जिवाणूंचं एन्झाइम. न्यूमोकॉकस हा जिवाणू ते बनवतच नाही, त्यामुळे त्याच्यापुढे क्लॅव्हचा काही उपयोग नाही; तिथे कामाला येतो अमॉक्सिसिलिनचा मोठा डोस. क्लॅव्ह उपयोगी पडतं हिमोफिलस आणि मोराक्सेला या जिवाणूंसाठी. म्हणून गेल्या ३० दिवसांत अमॉक्सिसिलिन घेतलेलं असेल, कानासोबत डोळे चिकटून पू येत असेल (हे हिमोफिलसचं लक्षण), किंवा साध्या अमॉक्सिसिलिनवर ४८ ते ७२ तासांत फरक नसेल, तरच क्लॅव्ह. या मुलाला तीन महिने काही दिलेलं नव्हतं आणि डोळ्यांबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. साध्या अमॉक्सिसिलिनने सुरुवात करता आली असती. आपल्याकडे कान म्हटलं की हात आपोआप क्लॅव्हकडे जातो आणि निम्मे जुलाब तिथेच ठरून जातात.

आता ताबडतोब काय करायचं, तर पडदे पुन्हा बघा. ताप उतरला असेल, पडदा उतरणीला लागला असेल, तर साधं अमॉक्सिसिलिन त्याच मोठ्या डोसने सुरू करून कोर्स पुरा करा. ताप आणि फुगवटा तसाच असेल तर ६४२.९. ‘पोट बिघडतंय तर पाचच दिवस देऊ’ हा मोह दोन वर्षांखाली टाळा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ६ ते २३ महिन्यांच्या मुलांना अमॉक्सिक्लॅव्ह १० किंवा ५ दिवस दिलं होतं. पाच दिवसांच्या गटात उपचार फसले ३४ टक्के मुलांत, दहाच्या गटात १६ टक्के. आणि कोर्स अर्धा करून दुष्परिणाम काही फारसे कमी झाले नाहीत. दोन ते पाच वर्षांत ७ दिवस, सहाच्या पुढे ५ ते ७ दिवस पुरतात.

पुढच्या वेळी मूल दोन वर्षांवरचं असेल, ताप ३९ अंशांखाली, दुखणं सौम्य आणि दोन दिवसांच्या आतलं, कान वाहत नसेल, तर ४८ ते ७२ तास फक्त पॅरासिटामॉलवर काढता येतात. सहा ते तेवीस महिन्यांतही एकच कान आणि लक्षणं सौम्य असतील तर तेच. पॅरासिटामॉल मात्र पुरेसं द्या: किलोमागे १५ मिग्रॅ, म्हणजे या मुलाला २५० च्या सिरपचे साडेतीन मिली, दर सहा तासांनी, दिवसात चारच वेळा. कमी डोस दिला की दुखणं राहतं, आणि रडणारं मूल बघून कुणीही अँटिबायोटिक लिहितो. आयब्युप्रोफेन जुलाब चालू असताना, पाणी कमी पडलेलं असताना किंवा डेंग्यूची शंका असताना नको.

ॲलर्जी लिहू नका. पातळ शी हा औषधाचा ठरलेला त्रास आहे. तासाभरात गांधी उठणं, ओठ-पापण्या सुजणं, घरघर, यांना ॲलर्जी म्हणायचं. एकदा तो शिक्का बसला की हा मुलगा आयुष्यभर दुय्यम औषधांवर जाईल, आणि त्यातली बरीच पोटाला अजून वाईट.

---

औषध_फलाटावरून

फार्मसीच्या बाजूने थोडं. बालरोग सरांनी लिहिलेला डोस कागदावर बरोबर असला तरी घरी पोचेपर्यंत बिघडतो.

पावडर भिजवताना उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं. आधी बाटली आपटून पावडर सैल करा, निम्मं पाणी घालून जोरात हलवा, मग खुणेपर्यंत भरा. फेस बसला की पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा खुणेपर्यंत आणा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. सिरप दाट राहतं आणि प्रत्येक मापात औषध जास्त जातं. प्रत्येक डोसआधी हलवलं नाही तर उलटं: पहिले तीन दिवस पांचट, आणि तळाशी उरलेलं शेवटच्या दिवसांत एकदम. ‘पाचव्या दिवशी अचानक जुलाब’ याचं एक कारण हे.

भिजवल्यावर क्लॅव्हचं सिरप फ्रिजमध्ये, सात दिवस. दहा दिवसांच्या कोर्सला दुसरी बाटली लागतेच, पण ती संपत आल्यावर भिजवायची. आधीच भिजवून ठेवलेली बाटली तपकिरी झाली तर फेकून द्या.

माप चमच्याने नको. घरातला ‘चहाचा चमचा’ कुठे तीन मिलीचा असतो, कुठे सहाचा. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज द्या आणि ४.५ च्या रेघेवर पेनाने खूण करून द्या.

दोन आकड्यांची अदलाबदल कधीच नाही. ४५७ संपलं म्हणून २२८.५ दुप्पट मापाने देणं चालतं, गुणोत्तर तेच आहे. पण ६४२.९ च्या जागी ४५७ ‘जरा जास्त’ दिलं की क्लॅव्ह थेट दुप्पट. मोठ्यांच्या गोळ्यांतही हीच चूक होते: ६२५ ची गोळी म्हणजे ५०० + १२५, आणि ३७५ ची म्हणजे २५० + १२५. क्लॅव्ह दोन्हींत सारखंच! ६२५ नाही म्हणून ३७५ च्या दोन दिल्या तर पेशंटच्या पोटात २५० क्लॅव्ह गेलं. मोठ्या पेशंटला पोटाचा त्रास असेल तर ६२५ दिवसातून तीनदा (क्लॅव्ह ३७५) देण्यापेक्षा ८७५ + १२५ ची दोनदा (क्लॅव्ह २५०) बरी पडते.

जेवणाआधी की नंतर, हे रोज विचारतात. क्लॅव्ह असलेलं औषध जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या दोन घासांबरोबर. तेव्हा ते शोषलंही नीट जातं आणि मळमळही कमी. रिकाम्या पोटी नको, आणि जेवून दोन तासांनी तर नकोच.

आणि एक, केस २ साठी. सेफ्पोडॉक्झिम आणि सेफ्युरॉक्झिमच्या गोळ्यांना शोषण्यासाठी पोटातलं आम्ल लागतं. पँटोप्राझोल चालू असताना त्या कमी शोषल्या जातात. ‘अँटिबायोटिकबरोबर पॅन द्या’ ही सवय इतकी मुरलीय की या जोडीकडे कुणी बघतच नाही. अमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही.

---

कान_नाक_घसा_७

केस २ मध्ये तोंडाने अँटिबायोटिक द्यायची गरजच बहुधा नव्हती.

कान ओढल्यावर किंवा भोकापुढचा छोटा उंचवटा दाबल्यावर कळ जाते, म्हणजे दुखणं बाहेरच्या नळीचं. पडद्यामागच्या इन्फेक्शनमध्ये कान ओढून दुखत नाही. बाहेरच्या नळीत बहुतेक वेळा स्युडोमोनास किंवा स्टॅफिलोकॉकस हे जंतू. सेफ्पोडॉक्झिम स्युडोमोनासवर चालत नाही, मग ते कितीही शोषलं जावो. पोट जाळलं आणि जंतूला हातही लागला नाही.

इथे औषध म्हणजे थेंब. ऑफ्लॉक्सासिनचे ०.३ टक्क्यांचे थेंब म्हणजे दर मिलीत ३ मिग्रॅ, अर्थात ३००० मायक्रोग्रॅम. हेच औषध गोळीने घेतलं तर रक्तात दर मिलीत मोजके मायक्रोग्रॅम पोचतात. जागेवर हजार पट औषध आणि पोटात जवळजवळ शून्य. संवेदनशील पोटाच्या पेशंटला मी आधी हाच प्रश्न विचारतो: हा कान थेंबांनी बरा होणारा आहे का? बाहेरची नळी, पडद्यात छोटी नळी बसवलेल्या कानातून येणारं पाणी, जुना फुटलेला वाहता कान, तिन्हींचं उत्तर ‘हो’. गोळ्या लागतात पडद्याआड पू कोंडलेला असेल तेव्हा, कारण तिथे थेंब पोचतच नाहीत.

मोठ्यांना बाहेरच्या नळीसाठी १० थेंब दिवसातून एकदा, ७ दिवस. थेंब हातात धरून दोन मिनिटं कोमट करा; गार थेंब गेले की गरगरतं, उलटी होते आणि दोष औषधाच्या माथी. कुशीवर झोपवून कान वर आणि मागे ओढा (तीन वर्षांखालच्या मुलाचा खाली आणि मागे), थेंब टाका, मग भोकापुढचा उंचवटा चार-पाच वेळा दाबून सोडा म्हणजे हवा निघून औषध आत उतरतं. पाच मिनिटं तसंच. नळी सुजून बंद झाली असेल तर थेंब वरच राहतात. तिथे कापसाची वात आत सरकवून ती थेंबांनी भिजती ठेवावी लागते, ते काम दवाखान्यात.

थेंब ‘लागू पडत नाहीत’ त्याचं मुख्य कारण म्हणजे आतला स्राव साफ न करता वरून ओतणं. स्वच्छ कापसाची किंवा टिश्यू पेपरची पीळ घातलेली टोकदार वात कानात ठेवा, ओली झाली की बदला, कोरडी येईपर्यंत. मग थेंब. कापूस गुंडाळलेली काडी नको, ती मळ आत ढकलते. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा. लसणाचं कोमट तेल घातलंय का ते विचारा. पावसाळ्यात त्याने बुरशी वाढते.

पडदा फुटलेला असेल किंवा दिसतच नसेल तर निओमायसिन, जेंटामायसिन असलेले थेंब टाळा, आतल्या कानाला धोका. ऑफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालतं.

पोटातली आग बहुधा ॲसिक्लोफिनॅकची आहे. ॲसिडिटीवाल्या पेशंटला दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ६५० पुरतं. आधी ते बदला, मग अँटिबायोटिकला दोष द्या.

आता गंभीर भाग. मधुमेह, वय ५८, आणि कान ‘जसाच्या तसा’. रात्री झोपू न देणारं खोल दुखणं, नळीत तळाला लाल मांसल वाढ, चेहऱ्याची एक बाजू ढिली, यातलं काहीही असेल तर इन्फेक्शन कवटीच्या तळाच्या हाडात शिरत असण्याची शंका. थेंबांचा खेळ तिथे संपला. त्याच दिवशी वरच्या केंद्रात. तिथे बहुतेक सिप्रोफ्लॉक्सासिन आठवडे-आठवडे द्यावं लागतं, आणि त्या गोळीशी दूध, दही, कॅल्शियम, लोह, पातळ अँटासिड जुळत नाही: गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. साखरही खाली-वर होते.

---

तालुका_दवाखाना

मनापासून आभार. ४५७ आणि ६४२.९ मधला फरक इतका मोठा असेल असं खरंच मोजलं नव्हतं. केस २ मध्ये नळी आज नीट बघितली: राखाडी ओला थर, त्यावर काळे ठिपके. पडदा अखंड. रात्रीचं दुखणं फारसं नाही, खाज जास्त. मांसल वाढ नाही, चेहरा ठीक.

---

कान_नाक_घसा_७

ओल्या टिपकागदासारखा थर आणि काळे ठिपके म्हणजे बुरशी. सगळी अँटिबायोटिक बंद, ऑफ्लॉक्सासिनचे थेंबही नकोत, त्याने ती आणखी फोफावते. थर पूर्ण काढा (चोषून किंवा वातीने, पाण्याने धुऊ नका), मग क्लोट्रिमॅझोल १ टक्का थेंब दोन आठवडे, खाज थांबली तरी. आठवड्याने पुन्हा साफ करायला बोलवा. साखर बघा. दोन आठवड्यांत फरक नसेल किंवा दुखणं वाढलं तर वर लिहिलेली शंका पुन्हा लागू.

---

सहज_सुचलं_म्हणून

एमआर लोक (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) सांगतात, पोट नाजूक असेल तर अझिथ्रोमायसिन तीन दिवस, दिवसातून एकदाच, हलकं पडतं. मग एवढा खटाटोप कशाला?

---

बालरोग_घाटमाथा

हलकं नाही. मॅक्रोलाइड गटातली औषधं आतड्यातल्या मोटिलिन रिसेप्टरला (आतड्याची हालचाल वाढवणाऱ्या) चेतवतात. मुरडा येतो तो त्यामुळे. एरिथ्रोमायसिन सगळ्यात वाईट, अझिथ्रो त्याचंच सौम्य भावंड. आणि कानासाठी ते कच्चं: न्यूमोकॉकसमध्ये मॅक्रोलाइडला दाद न देणाऱ्या जाती भरपूर, हिमोफिलसवर मारा कमजोर. पेनिसिलिनची खरी, गंभीर ॲलर्जी असेल तर नाइलाजाने. सेफिक्झिमही असंच, कानासाठी सर्रास लिहिलं जातं पण न्यूमोकॉकसवर कमी पडतं.

इंजेक्शनचं राहिलं होतं. सेफ्ट्रायॅक्झोन स्नायूत दिलं तरी त्याचा मोठा भाग पित्तातून आतड्यात उतरतो. जुलाब त्यानेही होतात. ‘सुईने दिलं म्हणजे पोट सुटलं’ हा गैरसमज. त्याचा उपयोग दोनच वेळा: मूल काहीच पोटात ठेवत नाही तेव्हा, किंवा तोंडाच्या औषधाने फरक पडला नाही तेव्हा. किलोमागे ५० मिग्रॅ, या मुलाला ६०० मिग्रॅ, दिवसातून एकदा. फसलेल्या केसमध्ये तीन दिवस.

उलटीबद्दल. डोसनंतर अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं तर तोच डोस पुन्हा. तासानंतर उलटी झाली तर पुन्हा नाही. आणि उलटी पहिल्या डोसच्या आधीपासून आहे का, ते जरूर विचारा. तापाने, घशातल्या शेंबडाने, कानाच्या दुखण्यानेच मुलं ओकतात आणि खापर औषधावर फुटतं.

---

आतड्यांचा_वकील

प्रोबायोटिकबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून.

उपयोग होतो, पण नेमका कशाचा आणि केव्हा, ते महत्त्वाचं. मुलांवरच्या चाचण्यांचा कोक्रेनचा (चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) २०१९ चा आढावा आहे: अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब सुमारे १९ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. पुरावा चांगला आहे दोनच नावांसाठी: सॅकरोमायसिस बुलार्डी आणि लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी. डोस दिवसाला किमान ५ अब्ज जिवाणू. बुलार्डी असेल तर २५० मिग्रॅ दोनदा. अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवसापासून सुरू करायचं, कोर्स संपेपर्यंत. जुलाब लागल्यावर चौथ्या दिवशी चालू केलं तर फायदा बराच कमी.

बुलार्डी हे यीस्ट आहे, अँटिबायोटिकने मरत नाही, बरोबर दिलं तरी चालतं. लॅक्टोबॅसिलस अँटिबायोटिकपासून दोन तास दूर. कशातही घाला, पण गरम दुधात किंवा पेजेत नको. आपल्याकडे छोट्या प्लास्टिकच्या कुपीत मिळणारं बॅसिलस क्लॉसी सगळ्यात जास्त खपतं. त्याचे बीजाणू टिकाऊ असतात हे खरं, पण जुलाब टाळण्याचा पुरावा वरच्या दोघांइतका नाही.

प्रतिकारशक्ती खालावलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्या पेशंटला कुठलंच जिवंत प्रोबायोटिक नको.

---

बालरोग_घाटमाथा

मी सरसकट लिहीत नाही. गुणोत्तर नीट केलं की बहुतेक मुलांचं भागतं, आणि चार औषधं घरी गेली की पाचव्या दिवशी कुठलंच नीट दिलं जात नाही. मागे जुलाब झालेलं मूल, पुन्हा क्लॅव्ह देणं भाग: तिथे बुलार्डी पहिल्या दिवसापासून, मान्य.

---

आतड्यांचा_वकील

त्यात मतभेद नाही. घरचं ताजं दही-भात चालू ठेवा, त्याला प्रोबायोटिकचं माप नाही, पण पोट भरतं आणि मुलं खातात. अमॉक्सिसिलिनला दह्याचं वावडं नाही. अंगावरचं दूध बंद करू नका. फळांचे रस, ग्लुकोजची पावडर आणि गोड पेयं बंद. साखर आतड्यात पाणी ओढते आणि शी आणखी पातळ होते. प्रत्येक पातळ शीनंतर ओआरएस, दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच. एक लिटरची पुडी पेल्यात मोकळी करणारे आजही भेटतात. लोपेरामाइड मुलांना अजिबात नको.

ढुंगणासाठी: ओल्या वाइप्स बंद, कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडं, मग झिंक ऑक्साइडचा जाड थर. लाली घड्यांच्या आत शिरली असेल आणि कडेला सुटे लाल पुटके असतील तर ती बुरशी. आधी क्लोट्रिमॅझोल मलम, त्यावर झिंक.

शीत रक्त, पोट फुगून कडक, पुन्हा चढलेला ताप, लघवी सहा तास नाही, यातलं काही दिसलं तर अँटिबायोटिक थांबवून मूल बघायलाच हवं. मोठ्यांमध्ये, विशेषतः रोज पँटोप्राझोल घेणाऱ्यांत, क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल (अँटिबायोटिकनंतर गंभीर जुलाब करणारा जिवाणू) लक्षात ठेवा. अँटिबायोटिक संपल्यानंतर दोन महिन्यांपर्यंतही ते डोकं वर काढू शकतं, म्हणून ‘हल्ली अँटिबायोटिक घेतलंय का’ यातलं ‘हल्ली’ आठवड्याचं धरू नका. वयस्कांत क्लॅव्हने कावीळही होते, तीही कधीकधी कोर्स संपल्यावर.

---

कान_नाक_घसा_७

एक ओळ सगळ्यांसाठी: कानामागे सूज आणि कान पुढे ढकललेला, मान ताठ, चेहरा वाकडा, चक्कर. पोटाचा विचार नंतर, आधी पेशंट पाठवा.

---

तालुका_दवाखाना

शेवटचं. केस १ चा मुलगा तापातून बाहेर आहे, पडदे उतरले आहेत, म्हणून साधं अमॉक्सिसिलिन. पण २५० च्या सिरपने डोस १० मिली दोनदा होतो, दहा दिवसांत बाटल्यांचा ढीग. घरी फ्रिज नाही, वाडीवर वीजही जाते-येते. काय करावं?

---

औषध_फलाटावरून

सिरप सोडा. अमॉक्सिसिलिन २५० ची पाण्यात विरघळणारी गोळी मिळते (डीटी म्हणून मागा). दोन गोळ्या सकाळी, दोन रात्री: दिवसाला १००० मिग्रॅ, १२ किलोला किलोमागे ८३. लहान वाटीत दोन मोठे चमचे उकळून गार केलेलं पाणी, त्यात गोळ्या, मिनिटभराने ढवळून लगेच पाजायचं. वाटीच्या तळाला पांढरं राहतं, तिथे आणखी चमचाभर पाणी फिरवून तेही द्यायचं, औषध त्यातच असतं. भिजवून ठेवायचं काही नाही, त्यामुळे फ्रिजचा प्रश्नच नाही. फक्त गोळ्या पाकिटातच राहू द्या, डोसच्या वेळी फोडा. पावसाळी हवेत उघड्या डबीत ठेवलेल्या गोळ्या ओलसर होऊन भुसभुशीत पडतात. आणि मोजून ४० द्या. सुरुवातीचे जे दिवस औषध गेलंय ते दहातून वजा करायचे का, हे बालरोग सर सांगतील.

---

बालरोग_घाटमाथा

वजा करा. मधला खंड एक-दोन दिवसांचा असेल आणि पडदे उतरत असतील तर उरलेले सहा-सात दिवस पुरे. म्हणजे चाळीस नाही, २८ गोळ्या. खंड त्याहून मोठा असेल किंवा ताप परतला असेल तर पुन्हा बघून पहिल्यापासून. पडद्यामागे पाणी महिना-दीड महिना राहू शकतं. नुसतं पाणी दिसलं म्हणून परत अँटिबायोटिक सुरू करू नका. तीन महिन्यांनीही असेल तर कान-नाक-घसावाल्यांकडून ऐकणं तपासून घ्या.